आश्रमाची इमारत उतरवण्याआधी: विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त, यांस

स. न. वि. वि.

आपल्या संस्थेचे, म्हणजे अनाथ मुलांच्या आश्रमाचे, नाव या पत्रात मुद्दाम घातलेले नाही. बेळगावकरांना चार ओळींत ओळख पटेल, आणि बाहेरच्या वाचकांना नावाची गरज नाही. कुणाची बदनामी करायची हौस मला नाही. पण जे ठरले ते बंद खोलीत ठरले, म्हणून त्यावरचे बोलणे मात्र चारचौघांत करतो आहे.

एका दैनिकाच्या आतल्या पानात, हरवलेल्या मार्कशीट आणि बँकेच्या लिलावांच्या मधे, आपली नोटीस वाचली. आश्रमाची जुनी इमारत जीर्ण व धोकादायक झाल्याने उतरवायची, जागा बिल्डरला डेव्हलपमेंटला द्यायची, खाली दुकानगाळे, वर ऑफिसे. हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावी. नोटीस फक्त कानडीत होती. मला कानडी वाचता येते, आश्रमातच शिकलो. पण ज्या घरांतल्या आज्या-पणज्यांनी मुष्टिफंडाच्या डब्यात रोज मूठभर तांदूळ टाकून हे घर चालवले, त्यातली बरीच घरे मराठी वाचतात, हे आपल्याला माहीत आहे. 1956 मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे ठरली, त्यांत असे आहे की एखाद्या भागात ते 15 ते 20 टक्के असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. ते सरकारसाठी आहे, ट्रस्टला लागू नाही, असे आपले वकील म्हणतील. म्हणू देत. देणगीची पावती आजवर मराठीत फाडणाऱ्या संस्थेला नोटीस मराठीत काढणे जड जायला नको होते.

इथेच एक सांगून टाकतो. यात सीमाप्रश्न आणू नका, आणि कुणी आणला तर मी त्याच्याबरोबर नाही. आश्रमाच्या पंगतीला माझ्या उजव्या बाजूला सौंदत्तीकडचा मुलगा बसायचा आणि डाव्या बाजूला खानापूरकडचा. भाकरी एकच होती. झेंडे घेऊन दोन्हीकडची माणसे फाटकाशी आली की फोटो निघतील, आणि त्या गोंधळात इमारत तेवढी पडेल.

माझा संबंध काय, तर मी या घरात वाढलो. आश्रमाच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे "कोठे सापडला" या रकान्यात "रेल्वे स्टेशन, थर्ड क्लास मुसाफिरखाना" असे लिहिले आहे. वय डॉक्टरांनी दात बघून अंदाजाने घातले. जन्मतारीख 1 जून, कारण शाळा तेव्हा सुरू व्हायची आणि हिशेबाला सोपे पडायचे. आश्रमातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनलाच असायचा. नाव गुरुजींनी ठेवले. आडनावाच्या जागी काही तरी हवे, म्हणून बेळगावकर. त्या एका ओळीवर मला शाळेत प्रवेश मिळाला, त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून आयटीआय, मग उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नरची नोकरी, रेशनकार्ड, लग्न, शेवटी पेन्शन. मुलांच्या कागदपत्रांच्या मुळाशीही तीच ओळ आहे. लोकांना वाडवडिलांचे घर असते, सातबारा असतो, कुलदैवत असते. आमच्याकडे ही इमारत आणि तिच्या कपाटातल्या वह्या.

इमारत किती जुनी, हे सांगायला कोनशिला होती. आम्ही लहान असताना तिच्यावरची अक्षरे बोटाने गिरवायचो. मागे रंगरंगोटी झाली तेव्हा तिच्यावर सिमेंटचा गिलावा बसला आणि वर क्रीम रंग. कोणत्या विश्वस्ताच्या कारकिर्दीत, ते विचारत नाही. तो गिलावा खरवडायला एका गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पण साल झाकले तरी काळ झाकत नाही. जोते काळ्या दगडाचे, वरच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, जोडकाम घाण्यावर मळलेल्या चुन्याचे, तुळया सागवानी, वर मंगळुरी कौले. ती कौले करण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये घातला, आणि पुढच्या काळात हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरले. म्हणजे इमारत त्या आधीची नाही, आणि सिमेंटचा जमाना येण्याच्या अलीकडची नाही.

त्या पन्नास-साठ वर्षांत या भागावर काय काय आले ते पाहा. 1876 ते 78 चा दुष्काळ. मुंबई इलाख्यात त्याचा मोठा तडाखा बेळगाव, धारवाड, कलादगी या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना बसला. त्या दुष्काळातूनच 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, धान्य पोचवता यावे म्हणून. पुढे मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला आणि त्याच रेल्वेने दक्षिणेत उतरला. बेळगाव-धारवाडकडे तो वर्षानुवर्षे परत परत येत राहिला. लोक घरांना कुलपे लावून गावाबाहेर झोपड्यांत राहिले, आणि परत आले तेव्हा सगळे परत आले नाहीत. मग 1918 चा इन्फ्लुएन्झा. एकट्या मुंबई इलाख्यात 10 लाखांवर माणसे गेली, आणि त्या साथीचे विशेष असे की तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची, कर्ती माणसे जास्त नेली. पोरके होणे म्हणजे काय ते या आकड्यावरून कळते. आई-बाप गेले, मूल राहिले.

अशा मुलांना सांभाळण्याची वाट मराठी मुलखात आधीच पडलेली होती. जोतीराव फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरचा बालकाश्रम 1875 चा, पुण्याचे अनाथ विद्यार्थी गृह 1909 चे. आपला आश्रम याच रांगेतला. फरक इतकाच, की त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली आणि आपल्याकडे सगळा इतिहास त्या वह्यांत राहिला.

म्हणून माझी सर्वांत मोठी तक्रार इमारतीबद्दल नाही, वह्यांबद्दल आहे.

त्या कुठे आहेत? मी गेल्या पावसाळ्यात आलो तेव्हा ऑफिसमागच्या खोलीत, पोत्यांत भरलेल्या होत्या. खाली ओल, वर गळके कौल. एका पोत्याला वाळवी लागलेली. शिपायाने सांगितले, काही पोती "जागा करायला" रद्दीवाल्याला दिली. तो बिचारा सहज बोलून गेला. त्याला बोल लावू नका, त्याला तसे सांगणाऱ्याने उत्तर द्यावे.

त्या वह्यांत काय आहे हे आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले? सगळ्यांत जुन्या मोडीत आहेत. मग बाळबोध मराठी. नंतर कानडी आणि मराठी शेजारी शेजारी. शिक्के बघत गेलात तर एकाच छपराखाली राज्य कसे बदलत गेले ते दिसते: मुंबई इलाखा, मुंबई राज्य, 1956 नंतर म्हैसूर, 1973 नंतर कर्नाटक. मुलांना कुठल्याच बदलात हलावे लागले नाही. रकाने मात्र तेच राहिले. कोणी आणले. अंगावर काय होते. अंगावरील खुणा. जात, जिथे बहुतेक वेळा "माहीत नाही". आणि शेवटी "पुढे काय झाले". त्या शेवटच्या रकान्यात कुठे "मराठा लाइट इन्फंट्रीत भरती", कुठे "सुतारकाम, शहापूर", कुठे "लग्न करून दिले", कुठे "मामा येऊन घेऊन गेला", कुठे "पळाला". एका ठिकाणी "पळाला" खोडून "परत आला" लिहिले आहे, आणि तारीख दिवाळीच्या आदल्या दिवसाची. कोणत्याही गॅझेटिअरमध्ये बेळगावचा हा इतिहास मिळणार नाही.

हे नुसते आठवणीपुरते नाही, कायद्याचे कामही आहे. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. त्याआधी मुलांच्या जाण्या-येण्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी अशा संस्थांच्या नोंदींतच राहिला. आज दत्तक नियमांत, दत्तक गेलेल्या मुलाला मोठेपणी आपले मूळ शोधण्याची सोय आहे. उद्या अशी एखादी बाई, पन्नाशी ओलांडलेली, बेळगाव स्टेशनवर उतरली आणि आश्रमाचा पत्ता विचारत आली, तर तिला मोबाइलचे दुकान दाखवणार?

दुसरी तक्रार "धोकादायक" या शिक्क्याबद्दल. तो कुणी मारला? स्ट्रक्चरल ऑडिट झाले असेल तर ते नोटीसबोर्डवर लावा. मी इंजिनिअर नाही, पण यंत्राशेजारी उभे राहून हयात गेली आहे, त्यामुळे झीज आणि बिघाड यांतला फरक समजतो. इमारत म्हातारी झालेली नाही, तिची देखभाल थांबली आहे. बेळगावचा पाऊस जूनपासून चार महिने झोडपतो. आमच्या वेळी मे महिन्यात कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची रीत होती. मोठी मुले छपरावर, लहान मुले खाली रांगेत. ती रीत बंद झाली. कौल सरकले, पाणी तुळईवर गेले, तुळईवरून भिंतीत. मग भिंत ओली दिसते म्हणून चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापले. जांभा आणि चुना पाणी पितात आणि उन्हात सोडतात. वर सिमेंट बसले की आत गेलेले पाणी आतच कुजते. चुन्याच्या इमारतीवर काम केलेला कोणताही जुना गवंडी हे सांगेल. उत्तरेच्या भिंतीत पिंपळाचे रोप बोटाएवढे होते तेव्हा मी ऑफिसात सांगितले होते. आता ते मनगटाएवढे आहे. औषध बंद करायचे आणि मग रोगी दगावणार असा दाखला द्यायचा, असे हे झाले.

देणगीच्या पाट्यांचेही तेच. जिन्याखाली, ओवरीत, विहिरीच्या कट्ट्यावर संगमरवरी पाट्या आहेत. कुणी आईच्या स्मरणार्थ, कुणी गेलेल्या मुलाच्या. खोली बांधायला, एका मुलाच्या वर्षाच्या जेवणाला. त्या माणसांनी पैसे मुलांसाठी दिले होते, दुकानगाळ्यांच्या पायासाठी दिले नव्हते. जो ट्रस्ट धर्मादाय म्हणून उभा राहिला, त्याच्या विश्वस्तांकडे मालमत्ता सांभाळायला असते. मालक म्हणून नसते. आपण हे विसरलात असे मी म्हणत नाही. पण नोटिशीची भाषा मालकाची होती.

मुलांना दुसरीकडे हलवले, तेही आम्हाला बाहेरून कळले. त्यांची व्यवस्था बालकल्याण समितीच्या आदेशाने झाली असेल तर उत्तम. भावाभावांना, बहिणींना एकत्र ठेवले आहे ना, एवढेच विचारतो.

आता आपली बाजू मी जितकी समजू शकतो तितकी मांडतो, कारण ती खोटी नाही. मुले कमी झाली. 2015 च्या बालन्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय ठरवला. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून घरीच सांभाळ व्हावा म्हणून मुलामागे महिन्याला 4000 रुपये मिळतात. त्यामुळे गरिबीपोटी आश्रमात येणारी मुले आता आईजवळ, आजीजवळ राहू शकतात. ही चांगली गोष्ट आहे, माझ्यासारख्याला तर फारच चांगली वाटते. आश्रम पुन्हा शंभर मुलांनी भरावा असे मी मागत नाही. कुणी मागितले तर मी विरोध करीन. नोंदणीचे नियम कडक झाले, खर्च वाढला, देणगीदार पातळ झाले, हेही खरे.

पण मूळ हेतू जसाच्या तसा चालत नसेल तर त्याच्या जवळचा हेतू शोधावा, असे न्यायालयेही धर्मादाय मालमत्तेबद्दल सांगतात. आणि जवळचा हेतू डोळ्यांसमोर आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलामुलींना बालगृह सोडावे लागते. मी सोडले तेव्हा हातात एक पत्र्याची ट्रंक होती आणि रात्री कुठे झोपायचे हे ठरलेले नव्हते. आज बालन्याय कायद्याच्या 46 व्या कलमात 21 वर्षांपर्यंत मदतीची सोय आहे. पण त्यासाठी खोली लागते, पत्ता लागतो, आणि रात्री उशिरा आल्यावर दार उघडणारे कुणी लागते. बेळगावात इंजिनिअरिंग आहे, मेडिकल आहे, उद्यमबागेतले कारखाने आहेत. अथणी, गोकाक, रामदुर्गकडून शिकायला, कामाला येणारी अशी मुले राहणार कुठे? वीस-पंचवीस जणांचे वसतिगृह या इमारतीत आरामात बसते. मधला चौक, विहीर, दोन्ही बाजूंच्या खोल्या, स्वयंपाकघर, सगळे त्यासाठीच बांधलेले आहे.

पैशाचे काय, हा प्रश्न येणार. रस्त्याकडची पुढची पट्टी, जिथे आता पत्र्याची शेड आणि भंगार आहे, ती भाड्याने द्या. गाळे तिथे काढा. मला व्यापाराचे वावडे नाही. फक्त मूळ चौसोपी इमारतीला हात लावू नका.

या गावाला जुने जपता येत नाही असेही नाही. स्वामी विवेकानंद 1892 मध्ये इथे आले आणि रिसालदार गल्लीत भाट्यांकडे उतरले, ते घर स्मारक म्हणून जपले आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी अध्यक्ष होते. त्या वेळी खणलेली विहीर टिळकवाडीच्या बाजूला आजही आहे, शताब्दीला तिच्यावर रोषणाई झाली. दुसरीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथे सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे नांगर काढले, आणि 1910 मध्ये जागा सोडावी लागल्यावर ते कुंडलच्या माळावर गेले. आता आपल्याकडे किर्लोस्कर रोड तेवढा आहे. थोर माणूस चार दिवस राहिला तर त्या घराला पाटी लागते. ज्या घरात शंभरेक वर्षे कुणाचेच नसलेले लोक वाढले, त्या घराला लागत नाही, कारण पाटीसाठी वर्गणी काढणारे वंशज नसतात. ते काम आम्ही करू. आम्ही आहोत.

आमचे मागणे असे.

बिल्डरबरोबरचा करार आणि मंडळाचा ठराव कानडी आणि मराठी दोन्हींत फाटकावर लावा, आणि तोवर इमारतीला कुदळ लागू देऊ नका. चुन्याची बांधकामे जाणणाऱ्या, आपल्याशी किंवा बिल्डरशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. त्याची फी माजी विद्यार्थी भरतील. राज्याच्या पुरातत्त्व व वारसा खात्याला एकदा येऊन इमारत पाहायला लेखी विनंती करा.

वह्यांना तर पत्राचे उत्तर येईपर्यंतही थांबता येणार नाही. या आठवड्यातच पोती त्या खोलीतून काढून कोरड्या जागी, लोखंडी कपाटात ठेवा. रद्दीला काय गेले त्याची यादी करा. सगळ्या वह्यांचे स्कॅनिंग, मोडीतल्यांचे लिप्यंतर. गावात मोडी वाचणारी दोन-तीन म्हातारी माणसे मला माहीत आहेत, फुकट करायला तयार आहेत, पण ती म्हातारी आहेत. एक प्रत आपल्याकडे, एक मोहोरबंद प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यात. मात्र ही नावे छापायची नाहीत, प्रदर्शनात मांडायची नाहीत. कुणाची आई कोण होती हा गावाच्या चर्चेचा विषय नव्हे. ज्याची नोंद त्याला, किंवा त्याच्या मुलांना, मागितल्यावर बघायला मिळावी. बस.

कोनशिला उघडी करा. पाट्यांचे फोटो काढून घ्या आणि कुठलीही पाटी हलवायची तर आधी त्या घराण्याला कळवा. वसतिगृहाचा प्रस्ताव मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, आणि त्या सभेला माजी विद्यार्थ्यांपैकी पाच जणांना, त्यांत दोन बायका, बसू द्या. मत देण्याचा हक्क नको. ऐकण्याचा आणि एकदा बोलण्याचा हवा.

तीस दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आले नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 खाली, न्यायालयाची परवानगी घेऊन, आम्ही दाद मागू. त्या कलमाला ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेली दोन माणसे पुरतात. धमकी म्हणून हे लिहिलेले नाही. उद्या समन्स आले तर "आधी का नाही सांगितले" असे कुणी म्हणू नये, म्हणून आधी सांगतो आहे. कोर्टात गेलो तर आपले आणि आमचे दोघांचेही पैसे जातील, आणि त्यातले आपले पैसे मुलांच्या नावाचे असतील.

सभा शक्यतो रविवारी सकाळी ठेवा. आमच्यातले बरेच जण अजून रोजंदारीवर आहेत, त्यांचा रोज बुडायला नको. बाहेरगावचे लोक पहाटेच्या एसटीने नऊपर्यंत पोचतात. ऑफिसात जागा पुरणार नाही, तेव्हा चौकातच बसू. सतरंज्या आम्ही आणतो.

आपला,
एक बेळगावकर
(आश्रमाचा माजी विद्यार्थी)

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी, बेळगाव, जिल्हा बालकल्याण समिती